प्रीतमची पिवळी काठी

नांदेडच्या एका कॉलेजात पंचशीला अकरा वर्षं एकच यंत्र सांभाळते आहे. इन्फ्रारेड किरण सोडून पदार्थात काय दडलंय ते दाखवणारं. ओलीशी त्याचं उभं वैर. म्हणून ती नमुना ठेवताना श्वाससुद्धा तोंड वळवून सोडते. "श्वासातलं पाणीबी चुगली करतं," असं नव्या पोरींना बजावते.

तिचा धाकटा भाऊ प्रीतम मुखेडकडं ठेकेदाराच्या हाताखाली वायरमन होता. फ्यूज काढायच्या लांब पिवळ्या काठीनं काम करताना शॉक लागून गेला. हातमोजे नव्हते, त्याचीच चूक, असं ठेकेदारानं लिहून दिलं. गावानंही मान डोलावली. पंचशीलाला मात्र वाटायचं, काठीच पाणी प्यालेली असणार. काचेचे धागे आणि राळ यांची ती काठी. वरचा लेप उडाला की राळ गुपचूप ओल शोषते, आणि ओलीतून वीज हातापर्यंत पोचते.

प्रीतमच्या साथीदारानं काठी घरी पोचवली होती. दहा महिन्यांनी भामाबाईनं, तिच्या आईनं, काठीचा वीतभर तुकडा कापून एसटीनं आणला. पंचशीलानं कागदाएवढा पातळ काप काढला. आधी तसाच तपासला, मग दोन दिवस ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा. पडद्यावर दोन रेषा उमटल्या. पहिलीत खोल खड्डा, दुसरीत तो बराच भरलेला. मधला फरक म्हणजे पाणी.

"दिसलं का गं?"

"दिसलं, माय. लई पाणी हाय."

भामाबाईनं डोळ्याला पदर लावला. "मंग माझं लेकरू चुकलं न्हाई."

पंचशीला रिपोर्ट लिहायला बसली. नमुना कसा ठेवला होता, या रकान्यापाशी तिनं सवयीनं विचारलं, "काठी कुठं ठिवली होती?"

"न्हाणीपाशी. आणली त्याच दिशी धुतली, काजळी होती तिला. मंग आडवी बांधली. धुणं टाकती तिच्यावर. त्याचे शर्टबी धुती महिन्याला, तेबी तिच्यावरच."

पेन थांबलं. दहा महिने ओले कपडे. हे पाणी त्या दिवशीचं की नंतरचं, कोणतंच यंत्र सांगणार नव्हतं. रकाना कोरा सोडला तर कुणी विचारलंही नसतं.

"काई चुकलं का माझं?"

"न्हाई, माय."

तिनं लिहिलं: दहा महिने ओल्या कपड्यांखाली. खाली सही केली. ठेकेदाराचं लिहिलेलं आता तसंच राहणार होतं.

भामाबाई उरलेला तुकडा रुमालात गुंडाळत होती. "हे नेती परत," ती म्हणाली. "कापल्यापासून दांडी आखूड पडायली."