मिक्कलनं सांगितलेला आकडा

रात्री गोठलं नाही. एप्रिल सरत आला की आमच्या पठारावर रात्रीला एवढं एकच काम असतं: दिवसभर भिजून पिठल्यासारखं झालेलं बर्फ पहाटेपर्यंत फरशीसारखं कडक करून द्यायचं. तेही तिनं केलं नव्हतं. दक्षिणेचा कोमट वारा छपराच्या पत्र्याखाली शिरून म्हातारा दात कोरत बसावा तसा चुकचुक करत होता. राव्दनानं आतून खांदा लावून कार्यशाळेचं दार ढकललं, ते वीतभर उघडलं आणि अडलं. रात्रीतून कुणीतरी आणखी एक गाडी आणून दारालाच टेकवून ठेवली होती.

"मुडदा बशिवला तुमचा," ती म्हणाली, आणि पोट आत घेऊन फटीतून बाहेर पडली.

बाहेर सहा गाड्या उभ्या होत्या. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. बर्फावर चालणाऱ्या या गाडीला आम्ही स्कूटरच म्हणतो. एकाही गाडीवर चिठ्ठी नाही, निरोप नाही. गाडी कुणाची हे राव्दनाला सीटच्या फाटण्यावरून कळतं, आणि दुखणं काय ते पट्ट्याच्या झिजण्यावरून. माणसं गाडी टाकतात आणि रेनडिअरच्या कळपामागे निघून जातात. वसंतात कळप किनाऱ्याच्या कुरणांकडे हलतात तेव्हा गावात उरतात ती म्हातारी माणसं, कुत्र्यांची पिल्लं आणि राव्दना.

सकाळपासून तिनं एकीच्या स्कीखालच्या घासून दोरीएवढ्या झालेल्या सळ्या बदलल्या. दुसरीच्या इंजिनावरचा बेल्ट काढून पाहिला. त्याची कड जळून काळी पडली होती. तिसरीला नुसतं ग्रीस हवं होतं, ते सगळीकडून भरलं. अधूनमधून ती हातमोजा काढून बोटं काखेत धरायची. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं थंडीत मेणबत्तीसारखी पांढरी होतात आणि मग स्क्रू हातात आहे की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं. उभा जन्म गार लोखंड आणि थरथरती हँडलं धरल्याचं हे दान.

बाकाखाली तिची पिशवी भरून तयार होती.

राव्दनाचा बाप आमच्या गावात पहिली स्कूटर घेऊन आला होता. ती बिघडली की तो तिच्याभोवती शिव्या देत फिरायचा, आणि पोरगी खाली झोपून बघायची. पुढे तिचं लग्न झालं ते एका रस्ता-खात्यातल्या मेकॅनिकशी. तो दोन हिवाळे टिकला आणि मग दक्षिणेला निघून गेला. जाताना हत्यारांची पेटी मागे ठेवून गेला. बायका म्हणायच्या, नवरा गेला पण पेटी राहिली, सौदा काही वाईट झाला नाही. राव्दनाही हसायची. पण त्या पेटीनंच तिला खुंट्याला बांधलं. कानाला तिची स्वतःची खूण कापलेली रेनडिअर आहेत, ती धाकट्या भावाच्या, मिक्कलच्या कळपात चरतात. तो तिची जनावरं सांभाळतो, ती त्याच्या गाड्या सांभाळते. कोण कुणावर उपकार करतंय हे कधी कुणी काढलं नाही, आणि म्हणूनच कुणाला सुटताही आलं नाही. तिची स्वतःची मोटार दिवाळखोरासारखी घरामागे पडून असते. तिचा गिअरबॉक्स नाताळापासून उघडा आहे, कारण दारातली गाडी नेहमी दुसऱ्याची असते.

आणि आज, शुक्रवारी, आल्टाला जायचं होतं. तिथं किनाऱ्यावर बोटींच्या इंजिनांची एक कार्यशाळा आहे. आत जमीनसुद्धा गरम. मालकानं फोनवर सांगितलं होतं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत येऊन हातचं काम दाखवलंस तर जागा तुझी. सोमवारी दुसरा एक माणूस बघायचा आहे, पण तू आलीस तर त्याला बोलावत नाही. बस दुपारची, एकच; शनिवार-रविवारी तीही नाही. हे तिनं मिक्कलला आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं. तो हाडातला मगज काढत होता. तो काढून झाल्यावर म्हणाला होता, "आल्टाला वारा लई असतोय."

कॉफी उकळली तसा योव्नाकाका आला. हा शेजारचा म्हातारा, रोज चुलीपाशी येऊन बसतो. खिशातून सुकं मांस काढून त्याचे तुकडे कपात टाकतो आणि वर कॉफी ओतून घेतो.

"पिशवी दिसतीया," तो म्हणाला.

"दिसतीया तर दिसू द्या."

"न्हाई, मी काय म्हणत न्हाई. म्हातारीच्या लग्नाला जावं तशी भरलीया म्हणून म्हटलं."

"काका, कॉफी प्या."

"पितोय की. आल्टात बोटी दुरुस्त करणार म्हणं. बोटीला काय, बिघडली तर तरंगती तरी. माझी गाडी बघ, नदीच्या मधोमध बेरिंग धरलं, पट्टा जाम. मी उडी मारून काठाला आलो, गाडी अजून तळाला चरतीया."

तेवढ्यात मिक्कल आला. गाडी त्यानं दारापासून लांबच बंद केली, दाराला टेकलेली गाडी बाजूला सारली आणि आपली ढकलत आत आणली. राव्दनानं मान वर केली नाही, पण तिला कळलं. जो माणूस गाडी ढकलत आणतो तो तिचा आवाज लपवत असतो.

"ताये, आज रात्री गोठणार," मिक्कल म्हणाला. "वारा फिरतोय. रात्रीच निघावं म्हणतो. सारा आणि सामान मागच्या स्लेजवर."

सारा ही त्याची बायको. रात्रभराची वाट, त्यात दोन नद्या, आणि त्यांच्यावरचं बर्फ फुटायला लागलेलं.

राव्दनानं गाडीचा मागचा भाग घोडीवर चढवला आणि खाली वाकून बघितलं. पट्ट्याच्या आत दोन रूळ असतात, त्यांच्यावर प्लॅस्टिकचे स्लायडर. पट्टा त्यांच्यावरून घसरतो, आणि उडणारं बर्फ त्यांना गार ठेवतं. मिक्कलचे स्लायडर वितळून रुळाला तुपासारखे ओघळले होते.

"नदीवरनं पळवलीस. नुसत्या बर्फाच्या काचेवरनं."

"जवळचा रस्ता."

"आणि बर्फ उकरून स्लायडरवर उडवायचे आकडे वर बांधून ठेवलेस."

"गाडी मागं घेताना मोडत्यात गं ते."

"आकडा मोडला तर आकडा जातोय. आता काय गेलं बघ." तिनं हातानं पट्टा फिरवला. घर्रर्र असा, जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला. तिनं स्क्रूड्रायव्हरचं टोक पट्ट्याच्या आतल्या एकेका छोट्या चाकाच्या दांड्यावर टेकवलं आणि त्याची मूठ कानाला लावली. "हे गेलं. ते बी गेलं. दोन चाकांची बेरिंगं खलास." मग तेच टोक तिनं पुढे, चेनच्या डब्यावर टेकवलं. तिथंच थांबली. चूल फुटफुटत होती तेवढीच.

गोम इथं होती. डब्यातूनही घरघर येत होती. ती त्या दोन चाकांचीच असेल, पत्र्यातून चालत आलेली. किंवा डब्यातलं, मुख्य दांड्याचं बेरिंग खरोखर जात आलं असेल. नुसती चाकं आणि स्लायडर बदलायचे तर बस मिळत होती. पण डबा उघडून दांडा तपासायचा तर आधी रूळ-पट्ट्याचं खालचं सगळं धूड उतरवावं लागतं, तेल काढावं लागतं, आणि त्यात दुपार जाते. ते बेरिंग तिनं स्वतःच्या हातानं गेल्याच्या गेल्या शरदात बसवलं होतं. त्यानंतर गाडी किती धावली एवढं कळलं तर प्रश्न मिटत होता.

पण हे आमच्याकडे विचारत नाहीत. एखाद्याला तुझ्याकडे रेनडिअर किती हे विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. विचारलंच एखाद्या परगावच्या माणसानं, तर उत्तर मिळतं: झाडाच्या या अंगाला थोडी आहेत, त्या अंगाला थोडी. आणि किलोमीटर म्हणजे रेनडिअरच. गाडी किती धावली यावरून कळतं कळप कुठवर फुटला होता, कुणाच्या कुरणात शिरला होता. म्हणून आमच्या गावच्या गाड्यांच्या मीटरवर काळी चिकटपट्टी असते. राव्दनाच्या हाताखालून गावाच्या सगळ्या गाड्या गेल्या, पण तिनं एकही पट्टी उचकटलेली नाही. यासाठीच लोक तिच्या दारात रात्री गाडी टाकून बिनघोर जातात.

तिनं घड्याळाकडे बघितलं. मग ती उठून सरळ भावासमोर उभी राहिली.

"मिक्कल, किती धावलीया ही? मी बेरिंग घातल्यापासनं?"

योव्नाकाकानं कप खाली ठेवला. "अगं बया," तो पुटपुटला, आणि बाहेर काही तरी बघायचं असल्यासारखा खिडकीकडे वळला. खिडकीत बर्फाशिवाय काही दिसत नव्हतं. ते अर्ध्यापर्यंत चढलेलं होतं.

मिक्कलचा चेहरा लाल झाला. "बापानं तरी तुला कधी इचारलं हुतं का?"

"बापाला बस पकडायची नव्हती."

"पट्टी काढून बघ मग."

"मी न्हाई काढणार. तू सांग."

बराच वेळ तो टोपीच्या कानपट्ट्याशी चाळा करत राहिला. मग जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "अकरा हजार."

सख्ख्या भावानं राव्दनाला आयुष्यात पहिल्यांदा आकडा सांगितला होता. आईला, बायकोलाही कुणी सांगत नाही असा. आणि अकरा हजार म्हणजे ते बेरिंग आज ना उद्या धरणार, बहुतेक नदीच्या मधोमध, सारा स्लेजवर बसलेली असताना. तिनं पिशवीकडे बघितलं नाही. चौदाचा पाना घेतला आणि खालच्या धुडाचा पहिला बोल्ट सैल केला.

"बस..." योव्नाकाका म्हणाला.

"ठावं हाय."

तेल काळं निघालं, पण त्यात झिजलेल्या लोखंडाचा चुरा नव्हता. तिला तेव्हाच खटकायला हवं होतं. तिनं बोटात बोट घासून बघितलं, पण पांढऱ्या बोटांना काही कळलं नाही. बाहेर बस येऊन थांबल्याचा आवाज आला. बस काही वेळ घरघरत उभी राहिली. चढणारं कुणी नव्हतं. मग ती गेली. धूड उतरलं, डब्याचं झाकण निघालं, चेन आली, दांडा बाहेर आला. राव्दनानं बेरिंग हातात घेतलं, पुसलं, कानाशी धरून फिरवलं. लोण्यातून सुरी जावी तसं ते फिरलं. गोळ्या चकाकत होत्या. तिनं ते पुन्हा फिरवलं, मग डाव्या हातानं फिरवलं. मिक्कल चुलीत लाकूड सारत होता, जळणारं आणखी आत सारत होता.

"अकरा हजार न्हाई धावली ही," ती म्हणाली.

त्यानं मागं बघितलं नाही. "न्हाई."

"किती?"

"चार असंल. पाच म्हण."

योव्नाकाका उठला आणि म्हणाला, "कुत्र्याला सोडायचं राह्यलं." त्याच्याकडे कुत्रा नव्हता, गेल्या वर्षीच मेला होता. तो दार किलकिलं करून बाहेर पडला.

"आरं," राव्दना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच मिक्कलला जास्त लागलं असणार. "आरं, आपल्या घरात, आख्ख्या गावात, कुणी आकडा वाढवून सांगितलाय का कधी? शंभर असली तर पन्नासबी न्हाई म्हणत्यात. वाढवून कुणीच न्हाई. म्हणून मी इस्वास ठेवला."

"मला तेच ठावं हुतं," मिक्कल म्हणाला. "कमी सांगितलं असतं तर तू मनानंच दुप्पट धरलं असतंस आणि तरी बी गेली असतीस." मग एकदम बोलला, "ताये, तू गेलीस म्हणजे या पठारावर मी एकटाच. गाडी पडली तर कुणाच्या दारात टाकू मी? कुणाला ढकलत आणून दावू?"

"मला इचारायचं. जाऊ नको म्हणायचं."

"म्हटलं असतं तर ऱ्हायली असतीस?"

तिनं बेरिंग बाकावर ठेवलं, फोन घेतला आणि कोपऱ्यात, गाड्यांच्या बेल्टांच्या रांगेखाली जाऊन उभी राहिली. आल्टाचा मालक सभ्य माणूस. तिचं नॉर्वेजियन बोलणं फोनवर नेहमी आखडतं. 'हो' आणि 'समजलं' एवढंच ऐकू आलं, मधे एकदा 'घरचं काम निघालं'. सोमवारच्या माणसाला आत्ताच बोलावणं धाडतो, असं मालक म्हणाला. तिनं फोन खिशात घातला आणि काही वेळ भिंतीकडे तोंड करून दोन्ही हात काखेत धरून उभी राहिली. थंडीसाठी की आणखी कशासाठी, ते सांगता येत नाही.

दाराच्या फटीतून बाहेरच्या गाड्यांची हँडलं दिसत होती, एकापुढं एक, शिंगांसारखी. वारा खरंच फिरला होता. रस्त्यावरचं पाणी कडेनं पांढरं धरायला लागलं होतं.

"सारा कुठं हाय?" तिनं विचारलं.

"सामान बांधतीया."

"तिला सांग घाई नको. दांडा बसवायला सांज होईल. आणि ते आकडे खाली सोड, आत्ता, माझ्यासमोर. मोडू देत."

मिक्कल खाली वाकला आणि बांधलेली तार पक्कडीनं सोडू लागला. राव्दनानं जुनंच बेरिंग ताज्या ग्रीसनं भरून दांड्यावर चढवलं, दोन्ही चाकांना नवी बेरिंगं ठोकली. मग वितळलेले स्लायडर कानशीनं रुळावरून खरवडून काढले. नवे दोन आतल्या खोलीतून आणले, लांबी मापून शेंडा तिरका कापला. एका डब्यात साबणाचं पाणी केलं. चिंधीनं ते रुळाला चोळलं, स्लायडरचं तोंड खाचेत धरलं.

"पट्टा वर उचल," ती म्हणाली. "आणखी."

भावानं पट्टा खांद्यावर घेतला. तिनं लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत स्लायडर आत सरकवायला सुरुवात केली.