शाफ्ट वाकडा नव्हता

आमच्या आत्याच्या नाकावर कायम राग असतो आणि हातात पाना. बोटींची इंजिनं बसवणं हा तिचा धंदा. त्यांना लागणारे शाफ्ट, प्रोपेलरचा पंखा फिरवणारे लांब दांडे, माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, लेथवर कातून देतात. दोघं एकाच शेडमध्ये काम करतात आणि चहा सोडून बाकी सगळ्यावरून भांडतात. बाबा आपलं काम पुन्हा पुन्हा मोजतात. आत्या एकदाच मोजते आणि वर त्यांनाच हसते.

एका शिडाच्या बोटीला बाबांनी कातलेला नवा शाफ्ट बसवला, आणि वर्ष उलटायच्या आत ती थरथरू लागली. इंजिन गिअरमध्ये टाकलं की टेबलावरचे कप नाचायचे. मालकांनी सरळ खापर फोडलं, शाफ्टच वाकडा कातलाय. बाबांनी वादही घातला नाही. "हात गेले माझे," म्हणाले, आणि लेथ विकायला गिऱ्हाईक शोधून मोकळे झाले. मला रडू आलं. आत्या भडकली. बोटीच्या दुखण्याचा छडा लागेपर्यंत लेथला हात लावायचा नाही, असा तिने गिऱ्हाइकाला परस्पर निरोप धाडला.

मग ती त्या थरथरीच्या हात धुऊन मागे लागली. गिअर न टाकता इंजिन नुसतं चालू ठेवलं, तर हूं की चूं नाही. म्हणजे इंजिन सुटलं. बोट क्रेनने बाहेर काढून प्रोपेलरची पाती मोजली, तीही सारखी. उरला शाफ्ट. तो बाहेर ओढला तेव्हा बाबा पाठ करून दारात उभे होते.

शाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो त्या जागेवरून आत्याने नख फिरवलं. झीज होती, पण गोल सगळीकडून सारखी. बेअरिंगचं रबर मात्र एकाच बाजूने खाल्लेलं. शाफ्ट वाकडा असता तर नेमकं उलट झालं असतं. फिरताना त्याची तीच बाजू घासत राहिली असती. शाफ्ट सरळ होता. तो तिरका बसला होता.

आणि बसवला होता आत्याने.

बोट जमिनीवर टेकूंवर उभी असताना तिने इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणले होते. केसभर फरक नाही म्हणून मिरवलीही होती. पण पाण्यात गेल्यावर बोटीचं अंग जरासं बदलतं, म्हणून तरंगत्या बोटीत ती रेष पुन्हा तपासायची असते. बाबांनी तेव्हा आठवणही करून दिली होती. माझं काम एकदाच असतं, म्हणत हिने हत्यारं आवरली होती.

मालक आले. मला वाटलं, आत्या आता काहीतरी गोलमाल बोलेल.

"शाफ्ट सरळ आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे. दादाची नाही."

बाबा वळले. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकले असावेत.

नवं बेअरिंग घालून बोट पाण्यात सोडली. आत्या इंजिनाशेजारी ओणवी झाली. इंजिन आणि शाफ्टच्या जोडाच्या फटीत पातळ पत्ती घालून चारही बाजूंनी मोजायची, इंजिनाच्या पायाचा नट जरासा फिरवायची, पुन्हा मोजायची. दुपार त्यातच गेली. शेवटी गिअर टाकला, तर कप जागचे हलले नाहीत.

तरी तिने इंजिन बंद केलं आणि पत्ती बाबांपुढे धरली. "दादा, तू मोज."

बाबांनी मोजलं. पुन्हा मोजलं. आत्या बॅटरीचा उजेड फटीवर धरून बसली होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर बाबांनी पत्ती पुसून तिच्या हातात दिली.

"आवर लवकर," ते म्हणाले, "लेथला तेल घालायचंय."