आई गप्प राहिली तो आठवडा

साखरा गावातल्या आमच्या घरात हळू बोलणारं माणूस नव्हतंच. बाबांची उमेदीची सगळी वर्षं मळणीयंत्रावर गेली आणि त्या खडखडाटात त्यांचे कानही गेले. त्यांच्याशी बोलायचं काम आईकडं होतं. बोलायचं म्हणजे ओरडायचं. आंघोळीचं पाणी काढलंय हे तिनं बाबांना सांगितलं की अख्ख्या गल्लीला कळायचं. मला कळायला लागल्यापासून तिचा आवाज घोगराच. घोगरा म्हणजेच आईचा, असं मी धरून चालले होते.

मला हिंगोलीला नोकरी लागली तेव्हा मी बाबांना कानाचं मशीन आणून दिलं. त्यांनी ते डबीसकट कपाटात ठेवून दिलं. "तुही माय हाय की सांगायला," म्हणाले. मशीन म्हातारी माणसं लावतात असं त्यांचं मत. मग तुम्ही कोण, हे विचारायची सोय नव्हती.

गेल्या वर्षी आईचा आवाज बसला तो सुटेचना. ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध तर रोजच. पौर्णिमेला विहारात वंदना आई सांगायची आणि बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. त्या पौर्णिमेला तिच्या तोंडून नुसती हवा आली. घरी आल्यावर ती बाबांना काहीतरी सांगू पाहत होती आणि बाबा "काय? काय?" करत होते. शेवटी ती चुलीपुढं बसून रडली. हिचा आवाज गेला तर या दोघांचं बोलणंच संपेल, हे मला तेव्हा कळलं आणि मी दोघांना कानाघशाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी घशात दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती. गाठ म्हटल्यावर आमची तोंडं उतरली. त्या म्हणाल्या, "दिसते तरी साधीच. लेझरनं काढू आणि तपासायला पाठवू." मी ते बाबांच्या कानात ओरडले. बाहेर बसलेल्या पेशंटनाही आमचा आजार समजला.

"लेझर म्हंजी?"

"उजेड असतो, बाबा."

"उजेडानं कापतेत व्हय? वेल्डिंगवानी?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला कमी ऐकू येतं का?" आम्ही दोघींनी बाबांकडं पाहिलं. बाबांनी काही न ऐकताच मान डोलावली. "अशी गाठ बरेचदा ओरडून येते. नंतर पुन्हा ओरडल्या तर पुन्हा येईल," त्या म्हणाल्या. एवढं वाक्य मी ओरडून सांगितलं नाही. पण परतताना वारंगा फाट्यावर बाबांनी समोरचा चहा तसाच ठेवला, तेव्हा आमच्या नजरेवरूनच त्यांना सगळं समजलंय हे मी ओळखलं.

ऑपरेशन सुरळीत झालं. पुढं तपासणीतही गाठ साधीच निघाली. तोंडातूनच सगळं केलेलं, त्यामुळं बाहेर ओरखडासुद्धा नव्हता. फक्त आठवडाभर आईनं अक्षर बोलायचं नव्हतं. कुजबुजायचंही नव्हतं, खाकरायचंही नव्हतं.

आता आमच्या गावात ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जायचं म्हणजे जायचंच. बिस्किटाचा पुडा घेऊन बाया येऊ लागल्या. आल्या की आधी आईच्या गळ्याकडं बघायच्या. तिथं काहीच नाही. "टाका न्हाई, पट्टी न्हाई, मंग ऑपरेशन कशाचं झालं?" आणि मग, "बोल की वं, जरासं बोललं तर काय व्हतंय?" आई हात जोडायची, मान हलवायची. तरी एकीनं जाताना "जयभीम" म्हटलं आणि आईचे ओठ उघडलेच. मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. ती बाई नाराज होऊन गेली.

हे बाबा ओसरीवरून बघत होते. ते उठले, मेडिकलमधून पट्टीचा रोल घेऊन आले आणि आईच्या धडधाकट गळ्याला चांगले चार-पाच वेढे घातले. आई त्यांचा हात झटकत होती आणि आवाज न करता हसत होती. त्यानंतर जी बाई आली, ती पट्टी बघून उंबऱ्यातच थबकली. "बोलू नको माय, बोलू नको," असं तीच आईला बजावू लागली. पट्टीखाली आईला घामोळं आलं, पण आठवडा निभावला.

आणखी एक झालं. आईला ओरडता येईना, म्हणून बाबांना जेवायला बोलवायचं तर तिला उठून त्यांच्याजवळ जावं लागे. ती त्यांच्या खांद्याला हात लावायची. माझ्यासमोर तिनं त्यांना असा हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. बाबाही आधी दचकायचे. पुढं पुढं मला वाटू लागलं, ती आल्याचं दिसूनही ते मान वळवत नाहीत. मला दोघांचं फार कौतुक वाटलं, आणि धास्तीही. बोलायची मुभा मिळाल्यावर ही पुन्हा ओरडणार, नाहीतर हे दोघं मुक्यानं राहणार.

आठवडा सरला त्या दिवशी बाबांनी डोक्याचा रुमाल कानावरून खाली ओढून बांधला होता. मी नेहमीसारखं ओरडून विचारलं, "बाबा, थंडी वाजून राहिली का?"

"काहून वरडून राहिली?" ते वैतागून म्हणाले.

मी आत जाऊन कपाट उघडलं. डबी रिकामी होती.

मी डबी होती तशी बंद करून ठेवली. ओसरीवर त्यांच्याबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसले. थोड्या वेळानं मागून एक बारीक, स्वच्छ आवाज आला, "चा घेता का?"

बाबा पाठमोरेच होते. "घेतो," ते म्हणाले. शेंगा सोलणारा त्यांचा हात थांबला होता. मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "आस्साच व्हता तिचा आवाज. लगीन झालं तवा."

मी तोवर दाराकडं बघत होते, भेटायला कोण बाई आली म्हणून.