उरलेलं कडं

आठ महिने झाले, चतुराबाई नीट खाली बसली नव्हती. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात बाया रांगेनं मांडी घालून बी निवडायच्या आणि ही आपली कोपऱ्यात उभी, फार तर गुडघ्यांवर. सुपरवायझर सोमेश्वर टोमणा मारायचा, "काय चतुराबाई, इलेक्शनला उभ्या राह्यल्या का?" ती हसायची. भगंदर झालंय, पू येतो, दिवसातून तीनदा फडकं बदलावं लागतं, हे त्याला कोण सांगणार?

सर्जननं तपासलं आणि गुरुवार दिला. "पुवाचा मार्ग कापून मोकळा करू. त्याआधी सोनोग्राफी करून आणा."

ती ऑपरेशनला भीत नव्हती, भीत होती ती झुंबरबाईसारखं व्हायला. शेजारच्या झुंबरबाईचं भगंदर कापल्यावर बरं झालं, पण तेव्हापासून तिला संडास धरवत नव्हती. लग्नकार्याला जाणं सुटलं. बाजारात गेली तरी पिशवीत जास्तीची साडी.

बुधवारी लेकीला, अक्षताला, घेऊन ती सोनोग्राफी सेंटरवर आली तीच दोन तांबे पाणी रिचवून. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या सुरू.

"आई, एका जागी थांब ना. लोक बघून राह्यले."

"बघू दे. त्यांच्या पोटात दोन तांबे पाणी हाये का?"

"पण पाणी पी म्हणलं कोण तुला?"

"सोनोग्राफीला पाणी प्यावंच लागतं. तुझ्या टायमाला पेल्ते."

काउंटरवरून सिस्टर म्हणाली, "मावशी, ही पोटावरून नाही, मागून करायची. जा, मोकळ्या होऊन या."

"मागून?" चतुराबाईनं लेकीकडं पाहिलं. अक्षतानं ओढणीत तोंड दाबलं.

आत डॉक्टरीणबाईंनी तिला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. अंगठ्याएवढी नळी आत गेली.

"श्वास सोडा. अंग आखडू नका."

"तुम्ही आखडल्या नसत्या का, मॅडम?"

डॉक्टरीणबाई हसल्या. पू यायच्या तोंडातून त्यांनी थोडं औषध सोडलं, तशी पडद्यावर पांढरी रेघ चमकत गेली. "हा तुमचा मार्ग." मग त्या पडद्याकडं वाकल्या. नळी फिरवली. परत फिरवली.

"काय झालं? बोला की."

"बाळंतपण कुठं झालं होतं?"

"परतूरला, माहेरी. घरीच. पोरगी अडकली होती."

"फाटलं होतं?"

"फाटलं होतं ना. दाई म्हणली, भरंल आपसूक."

डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडं वळवला. "स्नायूची ही दोन कडी, एकात एक. यांच्यामुळं संडास धरता येते. समोरच्या बाजूनं दोन्ही तुटलेली आहेत. इतकी वर्षं उरलेल्यावर निभावलं. आणि हा मार्ग नेमका त्या उरलेल्यातून चाललाय."

"मंग तो कापला तर?"

त्यांनी सर्जनला फोन लावून सगळं सांगितलं. स्पीकरवर आवाज आला, "असं? मग आधी सैल दोरा ओवून ठेवू, पू वाहून जाईल. पुढं स्नायू न कापता जमतंय का बघू. काही महिने लागतील. बाकी टेबलावर ठरवू."

चतुराबाई उठूनच उभी राहिली. "टेबलावर मी गुंगीत असन, डॉक्टरसाहेब. ठरवायचं ते आत्ता ठरवा."

"अहो बाई, कधीकधी थोडंसं कापावं लागतं."

"थोडंसंच तर उरलंय माझ्याकडं."

दारात अक्षता उभी होती, चेहरा उतरलेला. "आई, माझ्यामुळं झालं का गं हे?"

"तुझ्यामुळं कशानं? टाके घातले न्हाईत, त्याच्यामुळं. तू गप बस." तिचे डोळे फोनवरून हलले नव्हते. "ऐकून राह्यले ना, साहेब?"

"बरं. उद्या फक्त दोरा. कापणार नाही."

फोन बंद झाला. डॉक्टरीणबाई रिपोर्ट टाइप करू लागल्या, तशी चतुराबाई साडी सावरत त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली.

"कापायचं न्हाई, हे कुठं लिहिलं, मॅडम? बोट ठेवा. अक्षता, इकडं ये, वाच बरं मोठ्यानं."