तीन नंबरचा ट्रे

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण कधी साधी कमेंटही केली नाही. खरं सांगायचं तर असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. गोखिवऱ्याच्या एका छोट्या कंपनीत मी कॉम्प्युटर सपोर्टला आहे... काही बिघडलं की लॉग बघायचा, कारण सापडतंच. शाळा इंग्लिश मिडियमची, तेव्हा मराठी सांभाळून घ्या.

मागच्या हिवाळ्यात माणिकपूरच्या एका फोटो स्टुडिओतून कॉल आला. लग्नांचं सगळं शूटिंग ते एका RAID बॉक्समध्ये ठेवतात – सहा हार्ड डिस्क एकत्र. एक गेली तरी डेटा वाचतो, दोन गेल्या तर सगळंच जातं. आठवडाभर एकेक फाइल उघडायला दहा-दहा मिनिटं लागत होती. "बैलगाडी झालीय बघ," मालक नेस्टरकाका म्हणाले.

दुकानात गास गावच्या मीनाताई बसल्या होत्या. त्यांच्या मुलीच्या हळदीला त्यांच्या आईने जुनी गाणी म्हटली होती. आई पंधराच दिवसांपूर्वी गेल्या होत्या. ती गाणी आता घरात कुणालाच पूर्ण येत नाहीत, आणि रेकॉर्डिंग फक्त त्या बॉक्समध्ये. बॅकअपचं विचारलं तर काकांनी मान खाली घातली. एडिटिंग झालं की सगळं एकदम द्यायचं, ही त्यांची पद्धत.

समोरच्या पीसीवर ती क्लिप उघडून ठेवली होती, पण पहिल्याच सेकंदावर अडकलेली. आजी तोंड उघडून तशाच थांबलेल्या. मीनाताई स्क्रीनकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

केबल, नेटवर्क, अँटिव्हायरस – सगळं ठीक होतं. कॉपी करून घ्यायला गेले तर तीही अर्ध्यावर अडकली. शेवटी लॉगमध्ये दिसलं – डिस्क ३ उत्तर द्यायलाच प्रचंड वेळ घेतेय, आणि बाकीच्या तिच्यासाठी थांबून राहतायत. ती काढून नवी लावायची, एवढंच काम. काकांनी प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर १ ते ६ नंबरचे स्टिकर लावले होते. मी तीन नंबरच्या ट्रेची कडी धरली.

"ह्यो नाय गो बाय. बाजूचा."

आवाज पीसीच्या स्पीकरमधून आला. म्हातारा, शांत, जरा दटावल्यासारखा. भर दुपारचे बारा वाजले होते. मी हात काढला. काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मीनाताई तेवढ्या हलल्या नाहीत. "आमची आयच ती," म्हणाल्या.

मी स्क्रीन बघितली. क्लिप अजून पहिल्याच सेकंदावर होती.

मग मी बॉक्सचं मॅन्युअल उघडलं... जे आधीच उघडायला हवं होतं. तो बॉक्स डिस्क शून्यापासून मोजतो. त्याची डिस्क ३ म्हणजे काकांचा चार नंबर, अगदी शेजारचा. मी चांगली डिस्क काढणार होते. मग सगळा भार त्या मरायला टेकलेल्या डिस्कवर आला असता, आणि ती बहुतेक टिकली नसती.

चार नंबरची बदलली. दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत. काकांच्या परवानगीने मी त्या हळदीची प्रत्येक फाइल हेडफोन लावून ऐकली. आजींची सातही गाणी आहेत, मध्ये बायकांचं हसणं आहे. ते वाक्य कुठेच नाही.

पेन ड्राइव्ह द्यायला मी स्वतः गासला गेले. मीनाताईंनी तो आधी आईच्या फोटोपुढे ठेवला, मग विचारलं, "आय तेव्हा जे बोललेली, ते आहे का यात?"

मी नाही म्हटलं.

"मग ते तुझ्यासाठीच असेल," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आजी जिवंत असताना मी त्यांना कधीच भेटले नव्हते.