उशीतला खिळा

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बहिणीजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ का बोलतेय — तुम्ही परके म्हणून? असेल तसंच.

लढाई नुकतीच संपली होती. आम्ही बेहाला नावाच्या उपनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मला सातवा महिना होता, हे नौदलात. शेजारच्या नव्या देशाच्या बंदराबाहेर समुद्रात सुरुंग पेरलेले होते. ते काढायला यांचं जहाज खिदिरपूरच्या गोदीतून निघायचं होतं. "हुकूम आलाय, माझ्या हातात काय आहे?" असं म्हणाले. मी डोळे पुसले आणि बरोबर द्यायला लाडू वळायला घेतले.

आणि मग सुकुमार — यांचा जहाजावरचा जोडीदार, रविवारी आमच्याकडे हक्कानं जेवणारा — बोलता बोलता सांगून गेला, की दादांनी — यांना तो दादा म्हणायचा — आपणहून नाव दिलंय. आपणहून. पोटात यांचं मूल, आणि माझ्या तोंडावर खोटं? मी आतून पेटले. अजूनही आठवलं की डोकं फिरतं माझं.

ते जहाज लाकडी होतं. सुरुंगाला लोखंडाची चाहूल लागते म्हणे. म्हणून वर स्क्रूसुद्धा पितळेचे, आणि प्रत्येकाचं सामान तपासायचे. हे यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

आईनं एक लोखंडी खिळा पाठवला होता, बोटभर लांब — बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचा, दृष्ट लागू नये म्हणून. तो मी यांच्या जहाजावर न्यायच्या उशीच्या कापसात खुपसला आणि वरून टाके घातले.

यांना काही होऊ नये म्हणून घातला, असं मी मनाला किती वर्षं समजावलं. खोटं आहे ते. तो सापडावा, यांना उतरवावं, चारचौघांत मान खाली जावी — म्हणून घातला. आणि सापडला नसता तर? जहाजावर इतकी माणसं होती. एवढ्याशा खिळ्यानं काय होतं, काय नाही, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना घातला.

सापडला, निघायच्या आदल्या दिवशी. यांना उतरवलं, चौकशी झाली, आणि नंतर कायमचं गोदीतल्या कोठारात बसवलं. घात सुकुमारनंच केला, असं यांनी धरलं — शेजारच्या बंकवर तोच तर झोपायचा. माझा संशय यांना शिवलासुद्धा नाही. "भाऊ मानला होता त्याला," जेवताना मध्येच थांबून म्हणायचे. मी पुढची पोळी वाढायचे.

सुकुमार मोहिमेवरून सुखरूप आला. दसऱ्याच्या संध्याकाळी दारात उभा, हातात संदेश मिठाईचा डबा. बिजयेला, म्हणजे दसऱ्याला, बंगाल्यांत रुसवेफुगवे विसरून गळाभेट घेतात. "बौदी," — म्हणजे वहिनी — तो म्हणाला, "दादांना एकदा विचारा ना, मी काय केलं?" आतून यांचा आवाज आला — घालव त्याला.

मुलगी माझ्या कडेवर होती. तो माझ्याकडे बघत होता, डोळे भरलेले. मी दार लोटलं, आणि कडी घातली.