रोडग्याचं आवतन

मार्गशीर्ष लागला की वऱ्हाडातले पुरुष एकाएकी सुगरण होतात. घरी पाण्याचा गिलास हवा असला तरी बायकोला हाक मारणारे हे लोक शेतात जाऊन कणीक मळतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात, वांग्याची भाजी शिजवतात आणि एकमेकांना आग्रह करकरून वाढतात. आमच्या संस्थेतला ललित पोरांसमोर नेहमी इथूनच सुरुवात करतो. "शेतात रोडगे जमतात, मंग घरी पोळी लाटाले काहून लाज वाटते?" पोरं हसतात आणि हसता हसता बोलायला लागतात.

मी मुलींचे गट घेते, तो मुलांचे. अकोल्यापासून अचलपूरपर्यंत एसटीनं हिंडायचं, अठरा-वीस वर्षांच्या पोरांना गोल करून बसवायचं, आणि राग आला की हात उचलण्याआधी काय करता येतं ते त्यांच्याच तोंडून काढायचं. एखाद्या पोराच्या तोंडून "मले भेव वाटते" एवढं यायला कधी कधी अख्खा पावसाळा जातो. ललित तेवढी वाट पाहतो. माझ्याच्यानं ते झालं नसतं.

अशा माणसाला मुलींच्या आयांनी रांग लावून पसंत करावं. पण चाळिशी उलटली तरी तो परतवाड्यात एका खोलीत एकटा राहतो. "बायकायची बाजू घेत फिरते, घर काय चालवीन?" असं मुलीकडचे म्हणतात. अकलेचे कांदे!

लग्नाचं त्याला एवढं वाटत नाही, दोस्तांचं वाटतं. कुलदीप त्याचा शाळेपासूनचा मित्र. सगळ्या दोस्तांचे रोडगे दरवर्षी कुलदीपच्याच शेतात व्हायचे. तीन वर्षांपूर्वी कुलदीपनं बायकोला, आरतीला, ललितच्या डोळ्यांदेखत इतकं मारलं की तिचा हात मोडला. ललित मध्ये पडला, तिला दवाखान्यात घेऊन गेला, तिथून पोलीस ठाण्यात, आणि साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव दिलं. तेव्हापासून त्याला रोडग्यांचं आवतन नाही. तो पानठेल्यावर गेला की चाललेली गोष्ट थांबते आणि लोक हवापाण्याचं बोलू लागतात.

यंदा मात्र कुलदीपचा फोन आला. "रविवारी ये, लल्या. सारे हायेत." इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. शनिवारी ऑफिसात दोनदा मला विचारलं, तूप कुठलं नेऊ म्हणून.

सोमवारी अकोल्याच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला होता. शेवटी मीच विचारलं, "कसे झाले रोडगे?"

"चांगलेच झाले अस्तीन."

मग सांगितलं. पंगत बसली, पत्रावळीवर रोडगा फोडून कुलदीपनं स्वतः तूप वाढलं, आणि शेजारी बसून म्हणाला, "पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख हाय. तू फक्त म्हन, मी काही पाह्यलं नाई. मंग आपन पयल्यासारखे." बाकीचे खाली मान घालून जेवत राहिले. ललित पहिला घास न घेताच उठला.

मी त्या सगळ्यांना बसमध्येच शिव्या घातल्या. कंडक्टर बघत राहिला. ललित म्हणाला, "तूप चांगलं होतं वं, दीक्षा. मीच नेलं होतं."

त्या दिवशी मी त्याच्या गटात दाराशी बसले होते. शिवम नावाच्या पोरानं नेहमीचा प्रश्न विचारला. "सर, दोस्त बायकोले मारते, अन् आपन मधात पडलो, तं दोस्ती तुटते का?"

ललितचं उत्तर मला पाठ होतं. खऱ्या दोस्ताला आज ना उद्या समजतं, असं तो सांगायचा.

"तुटते," तो म्हणाला.

"मंग मधात पडा का नाई?"

"पडा लागते. तिचा हात मोडला होता."

चेष्टा करायचं शिवमच्या मनात नव्हतं. "मंग तुमच्यासंगं कोन जेवते, सर?"

ललितनं माझ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे.

"कोनीच नाई," तो म्हणाला.

तारखेला तो साक्ष द्यायला गेला. मी येते म्हटलं तर नको म्हणाला. जे पाहिलं होतं ते सगळं त्यानं सांगितलं. बाहेर आला तेव्हा कुलदीप आणि सगळे दोस्त समोरच्या टपरीवर चहा घेत उभे होते. त्यानंच मला नंतर सांगितलं, सवयीनं त्याची पावलं तिकडेच वळली होती. अर्धा रस्ता ओलांडल्यावर त्याच्या लक्षात आलं.